घर रिकामे झाले, गाव भरलेले आहे

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी माझे यजमान नेहमीच्याच वेळी उठले, दाढी-आंघोळ उरकली, इस्त्रीचा सदरा घातला आणि 'जरा स्टेशनवर जाऊन येतो' एवढे सांगून बाहेर पडले. डोंबिवलीच्या फलाटावर त्यांचा गट सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे एकाच जागी उभा राहत असे. त्या दिवशीही सगळे भेटले, विचारपूस झाली, कुणी पाठीवर थाप मारली. मग गाडी आली. पाऊण मिनिटात सगळे डब्यात चढले आणि हे एकटेच जिना चढून घरी परतले. असे ते चार दिवस गेले. पाचव्या दिवशी गेले नाहीत आणि त्यानंतर त्या गटाविषयी फारसे बोललेही नाहीत.

ही २०१५ सालची गोष्ट. आदल्याच वर्षी मुलगा कॅनडाला गेला होता. मुलगी लग्नानंतर बंगळुरूला स्थायिक झाली होती. मी स्वतः आणखी दोन वर्षांनी निवृत्त झाले. तीन खोल्यांचे घर, त्यात दोन माणसे आणि दोघांनाही एकमेकांशी काय बोलावे हे नव्याने ठरवण्याची वेळ. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या किती घरांत आज हेच चित्र आहे, हे सांगायला कोणत्याही पाहणीची आवश्यकता नाही. सायंकाळी सातच्या सुमारास कोणत्याही जुन्या सोसायटीच्या आवारात उभे राहून किती खिडक्यांतून केवळ दूरचित्रवाणीचाच आवाज येतो, एवढे ऐकले तरी पुरे.

या विषयावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले आणि बोलले जाते. परंतु त्याचा सूर बहुधा दोनपैकी एक असतो. एक, मुलांनी आई-वडिलांना टाकले. आणि दुसरा, आता मजा करा, सहली करा. हे दोन्ही सूर मला अपुरे वाटतात. पहिला अन्यायकारक आहे आणि दुसरा उथळ.

आमचे गाव डब्यात होते

आपल्या भागातील एकटेपणाचे एक खास कारण आहे. भारतातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आली; पुढल्याच वर्षी, १८५४ मध्ये, लोहमार्ग कल्याणला पोहोचला. त्या दोन रुळांच्या आधाराने पुढे जी वस्ती वाढली, तिची रचनाच अशी झाली की घर इकडे आणि आयुष्य तिकडे. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाखांहून अधिक आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे साडेबारा लाख भरली. यांतल्या नोकरदार माणसाने आपल्या गावाचा दिवसाचा उजेड पाहिला तो रविवारीच. त्याची मैत्री, त्याचे भजन, हळदीकुंकवाचे आणि पदोन्नतीचे पेढे, एवढेच नव्हे तर मुलीच्या स्थळांची चौकशीदेखील लोकलच्या डब्यात होत असे. दसऱ्याला डबा सजवणारी, आजारी सोबत्याच्या घरी वर्गणी पोहोचवणारी ती एक चालती-फिरती ग्रामपंचायतच होती.

ज्या भगिनी घरी होत्या, त्यांचे गाव म्हणजे मुलांचे वेळापत्रक. शाळेच्या फाटकापाशी, क्लासच्या जिन्यावर, परीक्षेच्या केंद्राबाहेर त्यांच्या मैत्रिणी जमल्या. मुले शाळेतून बाहेर पडली आणि तो जिनाही संपला.

म्हणजे निवृत्ती आणि मुलांचे जाणे या दोन घटना पाठोपाठ घडतात, तेव्हा आपले केवळ घर रिकामे होत नाही. आपला समाजच निघून गेलेला असतो. ज्या शहरात आपण तीस वर्षे राहिलो, त्या शहराशी आपला परिचय व्हायचा राहून गेलेला असतो. माझ्या यजमानांना डोंबिवलीतील प्रत्येक गाडीची वेळ पाठ होती. पण घरापासून दहा मिनिटांवर असलेल्या वाचनालयात त्यांनी कधी पाऊल टाकले नव्हते. मला तरी कुठे ठाऊक होते?

सोडून जाण्याची परंपरा

मुलांवर रागावण्यापूर्वी आपण थोडे मागे वळून पाहावे. आमच्या घराण्याची कथा ही आपल्यापैकी अनेकांची असेल. सासरे १९४० च्या सुमारास गुहागर तालुक्यातले खेडे सोडून गिरगावात आले. त्यांचे आई-वडील गावीच राहिले. १९८७ मध्ये आम्ही गिरगावची चाळ सोडून डोंबिवलीत सदनिका घेतली. सासू-सासरे चाळीतच राहिले. सासूबाई म्हणाल्या होत्या, "दोन खोल्यांत तुमचा संसार वाढणार कसा? जा तुम्ही. रविवार मात्र चुकवू नका." आम्ही किती रविवार चुकवले, याची मोजदाद आज करवत नाही. आणि २०१४ मध्ये मुलगा गेला. गुहागर, गिरगाव, डोंबिवली, कॅनडा. अंतर वाढत गेले, क्रिया एकच.

शिवाय त्याला पाठवले कुणी? परदेशी विद्यापीठांच्या परीक्षांचे क्लास आपणच लावले, कर्जाच्या कागदांवर सही आपणच केली, विमानतळावर कपाळाला कुंकू लावून हातावर दही आपणच ठेवले. कल्याणला तर ही वाट जुनीच आहे. १८६५ मध्ये कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या. आज आपण त्यांचा अभिमानाने उल्लेख करतो. दुसऱ्याच्या लेकीचे जाणे कर्तृत्व आणि आपल्या लेकाचे जाणे कृतघ्नता, असा न्याय आपल्याला कसा लावता येईल?

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी आपल्या देशात २००७ साली कायदा झाला. जिथे मुलांनी खरोखर आई-वडिलांना वाऱ्यावर सोडले आहे, तिथे तो अत्यंत आवश्यक आहे. परंतु कायदा अन्न-वस्त्राची तजवीज करू शकतो, संभाषणाची नाही. आणि आपल्यापैकी बहुतेकांचे दुखणे अन्नाचे नाही. मुलगा दर आठवड्याला दूरध्वनी करतो. पण 'जेवलास का', 'थंडी किती आहे', 'तब्येत कशी आहे' यानंतर बोलण्यासारखे काही उरत नाही, हे ते दुखणे आहे. एकदा मी भलत्याच वेळी फोन लावला. पलीकडून मुलगा दचकून म्हणाला, "आई, इथे रात्रीचे दोन वाजलेत. काय झालं?" काहीच झाले नव्हते. हेच तर झाले होते.

वानप्रस्थाचा विसरलेला अर्थ

आपल्या पूर्वजांनी या टप्प्याचा विचार केला नव्हता असे नाही. चार आश्रमांतील तिसरा आश्रम नेमका याच वयासाठी आहे. परंतु वानप्रस्थ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वल्कले आणि कंदमुळे येतात, आणि 'आता ते कसे शक्य आहे' म्हणून आपण विषय मिटवतो. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत दोन गोष्टी लक्ष देऊन वाचण्यासारख्या आहेत. त्याने नित्य स्वाध्यायात युक्त असावे आणि सर्वांशी मैत्रभावाने राहावे. म्हणजे शिकणे आणि माणसे जोडणे! अरण्य हे स्थळ झाले. आशय हा आहे. घराच्या किल्ल्या पुढच्या पिढीकडे द्याव्यात आणि पुन्हा एकदा विद्यार्थी व्हावे, हा तो आशय. तैत्तिरीय उपनिषदात गुरुकुलातून घरी निघालेल्या शिष्याला जो उपदेश केला आहे, त्यातही स्वाध्यायात हयगय करू नकोस असे बजावले आहे. शिक्षण संपवून जाणाऱ्याला शिकणे थांबवू नकोस असे सांगणारी ही परंपरा आहे. आपण मात्र पदवीचा कागद चौकटीत बसवला आणि स्वाध्याय पोरांच्या गृहपाठाच्या वहीत टाकून दिला.

महाराष्ट्रात या स्वाध्यायाची थोर उदाहरणे आहेत. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते पन्नाशीत होते. अखेरचा भाग १९६२ मध्ये आला, तेव्हा ब्याऐंशीचे. ज्या वयात आपण 'आता काय राहिले' म्हणतो, त्या वयात त्यांच्या जीवनकार्याचे पहिले पुस्तक छापून आले. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे मुळात चित्रकार. वेदाभ्यासाला वाहून घेतल्यावर औंध येथे त्यांनी स्वाध्याय मंडळ उभे केले. १९४८ च्या उलथापालथीत त्यांना औंध सोडावे लागले, तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. गुजरातेतील पारडी येथे त्यांनी तेच काम पुन्हा मांडले आणि पुढे वीस वर्षे चालवले. महर्षी कर्वे यांनी १९४४ मध्ये समता संघ स्थापन केला तो वयाची पंच्याऐंशी वर्षे उलटल्यावर.

'ती मोठी माणसे, आपले काय!' असे कुणी म्हणेल, म्हणून आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण देते. कल्याणहून मुरबाडच्या वाटेने गेले की त्या तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव लागते. तिथे ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ते नव्वदीच्या घरातल्या आजीबाई, गुलाबी नऊवारीचा गणवेश, खांद्याला दप्तर आणि हातात पाटी. जन्मभर शेतात राबलेल्या या बायकांना पोथी स्वतः वाचायची होती, अंगठ्याऐवजी सही करायची होती. त्यांनी ना गुडघेदुखीची सबब सांगितली, ना 'या वयात लोक काय म्हणतील' असा विचार केला. पदवीधर असूनही रिकाम्या खुर्चीकडे पाहत बसलेल्या आपल्यासारख्यांनी त्या पाटीकडे एकदा पाहावे.

ऐकणे आणि शिकणे

संस्थांच्या बाबतीत आपला भाग दरिद्री नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, म्हणजे आगगाडी येऊन दहा वर्षे होताच गावाने ग्रंथालय काढले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. मुंबईच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाहूनही पाच वर्षांनी वडील. त्याच्या स्थापनेत पुढाकार घेणारे 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे तेव्हा पंचविशीतही नव्हते. घंटाळी मित्र मंडळाने ठाण्यात योगाचे वर्ग अनेक दशके चालवले आहेत. ठाण्याची रामभाऊ म्हाळगी स्मृती व्याख्यानमाला जानेवारीतल्या थंडीत श्रोत्यांना सतरंजीवर आणि खुर्च्यांवर खिळवून ठेवत आली आहे. गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली आणि ती गावोगावी पसरली. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१० मध्ये ठाण्यात आणि २०१७ मध्ये डोंबिवलीत भरले. कट्टे, ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळे, भिशी मंडळे तर गल्लोगल्ली आहेत.

मग उणीव कोठे आहे? माझ्या मते ती अशी की आपण उत्तम श्रोते झालो, विद्यार्थी झालो नाही. व्याख्यान ऐकणे चांगलेच. पण आपण त्या दिवशी गेलो नाही तर कुणाचे अडत नाही आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. वर्गाचे तसे नसते. वर्गात गृहपाठ असतो, चूक होते, ती दुरुस्त होते, शेजारी बसलेल्याची वही मागावी लागते. एकटेपणावर उतारा आहे तो या मागण्यात आणि देण्यात.

हे मी अनुभवाने सांगते. निवृत्तीनंतर वर्षभराने ठाण्यातील एका वाचनालयाच्या खोलीत शनिवारी दुपारी भरणाऱ्या मोडी लिपीच्या वर्गाला मी नाव घातले. आम्ही चौदा जण होतो. एक महाविद्यालयीन मुलगा सोडला तर सारे पन्नाशीपुढचे. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरे लटकवायची. शब्द तोडायचे नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पहिले दोन महिने मला 'र' ओळखता येत नसे. कार्यालयात ज्या सहीला मान होता, त्या हाताला गुरुजींनी बालवाडीत बसवले. तिसऱ्या महिन्यात तापाने दोन वर्ग बुडाले. दुसऱ्या शनिवारी सायंकाळी दोन फोन आले. एक कल्याणच्या कोळसेवाडीतून, एक घोडबंदर रस्त्यावरून. "अहो, आलात नाहीत? बाराखडीची पाने तुमच्यासाठी ठेवली आहेत." माझ्या अनुपस्थितीची कुणी तरी नोंद घेतली होती. मुले गेल्यापासून असे प्रथमच घडत होते.

वर्षाच्या शेवटी मी गुहागरच्या घरातून आणलेली जुनी चोपडी उघडली. यजमानांच्या आजोबांची ती हिशेबवही घरात कुणालाच वाचता येत नव्हती. नारळ, सुपारी, गडीमाणसांची मजुरी यांच्या अधूनमधून नोंदी होत्या : मुंबईहून मनीऑर्डर आली, पत्र आले, खुशाली समजली. आणि आगबोटी बंद असण्याच्या एका पावसाळ्यात, ओळीने कितीतरी दिवस, केवळ दोन शब्द : पत्र नाही. माझे यजमान ती पाने हातात घेऊन बराच वेळ बसले. त्या रात्री मुलाचा फोन आला तेव्हा 'जेवलास का' हा प्रश्न मागे पडला. पणजोबांची वही मी त्याला वाचून दाखवली. पाऊण तास तो ऐकत होता. मग म्हणाला, "आई, पुढची पानं पुढच्या रविवारी." मला वाटते, मुलांना आपले दुःख ऐकायला नको असते असे नाही, पण आपल्याकडे सांगण्यासारखे दुसरेही काही असावे, एवढी त्यांची अपेक्षा असते. आणि ती रास्त आहे.

शिकण्याचे काही नियम

मोडीच शिकावी असे नाही. विषय ज्याच्या त्याच्या ओढीचा असावा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांना प्रारंभिकपासून बसता येते आणि साठीतल्या विद्यार्थ्यालाही कुणी अडवत नाही. संस्कृत संभाषणाचे दहा दिवसांचे वर्ग आहेत. १९८९ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ ज्यांचे शिक्षण लग्नामुळे किंवा नोकरीमुळे अर्धवट राहिले अशांसाठीच आहे. केंद्र शासनाच्या 'स्वयम्' या व्यासपीठावर २०१७ पासून विद्यापीठीय अभ्यासक्रम घरबसल्या ऐकता येतात. परंतु घरबसल्या शिकण्याचा एक धोका आहे : घर रिकामेच राहते. म्हणून पडद्यावरचा धडासुद्धा चार जणांनी एकत्र बसून पाहावा.

परदेशात याचे प्रयोग झाले आहेत. १९७३ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे उतारवयातल्या माणसांसाठी विद्यापीठाचा उपक्रम सुरू झाला. पुढच्या दशकारंभी तो ब्रिटनमध्ये गेला, तेव्हा तिथल्या मंडळींनी त्याला वेगळे वळण दिले. त्यांनी प्राध्यापक नेमलेच नाहीत; ज्याला जे येते ते त्याने शिकवावे आणि जे येत नाही ते दुसऱ्याकडून शिकावे. आपल्या सोसायटीतल्या माणसांची अशी यादी करून पाहा. कुणी वीजमंडळातून निवृत्त झालेले अभियंते, कुणी परिचारिका, कुणी बँकेतले, कुणी अर्धमागधी घेऊन एम.ए. झालेल्या आणि ते कधीच न वापरलेल्या काकू. एका इमारतीत निम्मे विद्यापीठ असते. फक्त त्याची दारे बंद असतात.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाशी निगडित आणि टाळता येण्याजोगी चौदा कारणे मांडली. त्यांत सामाजिक एकटेपणा आहे, तसेच ऐकू कमी येणे आणि उपचाराविना राहिलेली दृष्टीची उणीवही आहे. शिकले म्हणजे विसरभोळेपणा येणारच नाही, अशी हमी कुणी दिलेली नाही. पण यातून एक साधा व्यवहार निघतो. कितीतरी माणसे कार्यक्रमांना यायची थांबतात ती रस गेला म्हणून नव्हे, तर ऐकू येत नाही आणि तसे सांगायची लाज वाटते म्हणून. चष्मा मिरवणाऱ्या आपल्या समाजाने श्रवणयंत्रालाही तेवढीच मान्यता द्यावी.

आपल्या मंडळांनी दार उघडावे

आता थोडे आपल्याच मंडळींविषयी. ज्येष्ठांच्या अनेक मंडळांतून वाढदिवस, सहल आणि तक्रारी याच्यापलीकडे कार्यक्रम जात नाही. व्यासपीठावर पुरुष आणि चहापाण्याच्या व्यवस्थेत स्त्रिया, ही वाटणी साठीनंतरही सुटत नाही. पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानडे यांनी १९०९ पासून प्रौढ स्त्रियांना शिकवायला आरंभ केला. शतकाहून अधिक काळ उलटल्यावर आपल्या कट्ट्यावर स्त्रीने केवळ आभार मानावेत, हे शोभत नाही. सभा दुसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला उद्वाहन नाही, असे असेल तर ज्यांना आपली सर्वांत जास्त गरज आहे तेच बाहेर राहतात.

त्याहूनही मोठी उणीव म्हणजे आपली मंडळे जुन्या डोंबिवलीची, जुन्या नौपाड्याची राहिली. घोडबंदर रस्त्यावर आणि कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या उंच इमारतींत मुलांच्या मागे आलेले आई-वडील आहेत. कुणी सांगलीहून, कुणी अकोल्याहून, कुणी आंध्रातून, कुणी गुजरातेतून. त्यांचे तर घर आणि गाव दोन्ही सुटले आहेत. मुलगा-सून सकाळी जातात, नातवंडे शाळेत, आणि विसाव्या मजल्यावर दोन माणसे घड्याळाकडे पाहत असतात. त्यांची भाषा कदाचित वेगळी असेल, पण मराठी शिकण्याची इच्छा असलेला याहून उत्तम विद्यार्थी आपल्याला कुठे मिळणार? आठवड्यातून एक तास मराठी बोलायला शिकवणारा वर्ग प्रत्येक नव्या संकुलात का निघू नये? शिकवणाराही एकटेपणातून सुटेल आणि शिकणाराही.

आणि ज्यांचे घर रिकामे होतच नाही त्यांचे काय? नव्वदीतल्या सासूबाईंची शुश्रूषा करणारी साठीची सून, अंथरुणाला खिळलेल्या पतीजवळ बसलेली पत्नी, निवृत्तिवेतन नसल्याने सत्तरीतही काम करणारा पहारेकरी. त्यांना 'वेळेचा सदुपयोग करा' असे सांगणे क्रूरपणाचे आहे. त्यांच्याकडे आपण जायचे. दोन तास रुग्णाजवळ बसून त्या सुनेला वाचनालयात जाऊ देणे, हीदेखील शिक्षणसेवाच आहे. आपली मंडळे या कामाचे वेळापत्रक आखतील, तर मैत्रभाव हा शब्द पोथीतून बाहेर येईल.

सुरुवात आजच

एक गोष्ट मी उशिरा शिकले, ती तरुण पालकांना सांगते. ही तयारी मुलगा विमानात बसल्यावर करायची नसते. मुले दहावी-बारावीत असतानाच आपला एक विषय, एक वर्ग, गावातली चार माणसे जोडून ठेवावीत. त्याचा लाभ मुलांनाही होतो. आई-वडिलांचे सारे जग आपल्यावर टेकलेले आहे, हे ओझे घेऊन जाणारे मूल धड जाऊही शकत नाही आणि धड राहूही शकत नाही. आई शनिवारी वर्गाला जाते, बाबा तबला शिकतात, हे ठाऊक असलेले मूल निर्धास्तपणे जाते. आणि मला वाटते, परत येण्याची ओढही त्यालाच अधिक असते.

माझे यजमान आता स्टेशनवर जात नाहीत. गुहागरच्या वहीमुळे त्यांना हिशेबाची जुनी मापे आणि नाणी यांचा नाद लागला. पायली, शेर, आणे, पै यांचे कोष्टक करता करता त्यांना तपशील अपुरे पडू लागले आणि ते आयुष्यात पहिल्यांदा वाचनालयाची पायरी चढले. परवा सकाळी त्यांना तिथे त्यांच्या डब्यातले जुने सोबती भेटले. नुकतेच निवृत्त झालेले, मुलगी जर्मनीत, चेहऱ्यावर तीच फलाटावरची पोकळी. यजमानांनी त्यांना आपल्या शेजारची खुर्ची दिली आणि म्हणाले, "बसा हो. ही गाडी सुटत नाही."

त्या खुर्चीशेजारी अजून बऱ्याच खुर्च्या रिकाम्या आहेत. घर रिकामे होणे आपल्या हाती नव्हते. त्या खुर्च्या भरणे आहे.